दारची हिरवळ आणि घरचे आरोग्य

घर बांधून झाले, रंगरंगोटी आटोपली, की दारासमोर चार फुलझाडे, कुंपणाला मेंदी आणि संध्याकाळी खुर्ची टाकून बसायला थोडीशी हिरवळ असावी असे प्रत्येकालाच वाटते. पूर्वी परसदार होते, तुळशीवृंदावन होते, आडाच्या कडेला केळी आणि अळू होते. आता तालुक्याच्या गावीही प्लॉट पाडून कॉलन्या उभ्या राहिल्या आहेत आणि घरापुढच्या दहा-पंधरा फुटांत बाग बसवावी लागते. माळी लावणे प्रत्येकाला परवडत नाही. त्यामुळे रविवारी सकाळी घरातील मंडळीच खुरपे आणि घमेले घेऊन कामाला लागतात. ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु बाग म्हणजे केवळ शोभा नव्हे. तिच्यात माती असते, साचणारे पाणी असते, पालापाचोळा असतो, फवारणीची औषधे असतात आणि धारदार अवजारे असतात. या पाचही गोष्टींचा घरच्या माणसांच्या प्रकृतीशी थेट संबंध येतो. म्हणून आज बागकामाकडे आरोग्याच्या दृष्टीने पाहू.

देवनारचा धडा

बागेचा विषय निघाला असताना मुंबईतील देवनारच्या कचराभूमीचे नाव कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण संबंध जवळचा आहे. आपण झाडलेला पाला, कापलेले गवत, देवाचे निर्माल्य, भाजीची देठे हे सर्व घराबाहेर टाकले की आपल्या लेखी संपते. प्रत्यक्षात ते कुठेतरी जाऊन पडतेच. मुंबईचा कचरा 1927 सालापासून देवनारला ठाण्याच्या खाडीच्या कडेला पडत आला. सुमारे 132 हेक्टरांच्या या जागेवर कचऱ्याचे अक्षरशः डोंगर उभे राहिले आणि त्यांच्या पायथ्याशी शिवाजीनगर, बैंगनवाडी अशा दाट वस्त्या वाढल्या.

पाला, भाजी आणि उरलेले अन्न ढिगाखाली दाबले गेले आणि हवा मिळेनाशी झाली, की ते कुजताना मिथेन हा ज्वालाग्राही वायू तयार होतो. असा ढीग एकदा पेटला की वरून पाणी मारूनही आत धुमसत राहतो. जानेवारी 2016 च्या अखेरीस देवनारला लागलेली आग अनेक दिवस धुमसत होती. तिचा धूर उपग्रहातून घेतलेल्या छायाचित्रांतही दिसला. परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्च महिन्यात तेथे पुन्हा आग भडकली. खोकला, डोळ्यांची आग, धाप यांनी आसपासचे रहिवासी हैराण झाले. कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम पाळले जात नाहीत, या कारणावरून मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2016 मध्ये शहरातील नव्या बांधकामांवर निर्बंध घातले. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ते सशर्त शिथिल केले. आता मुंबईचा बराचसा कचरा कांजूरमार्गला जातो, तरी देवनारचा जुना डोंगर एका दिवसात नाहीसा होणारा नाही.

आपल्या जिल्ह्यातही प्रत्येक नगरपालिकेचे एक छोटे देवनार असतेच. गावाबाहेर नाल्याकाठी किंवा जुन्या खाणीत ते असते आणि उन्हाळ्यात संध्याकाळी तेथून धूर निघताना दिसतो. त्यात आपल्या बागेतील पाल्याचाही वाटा असतो. तेव्हा हिरवळ करावयाची असेल, तर पहिला नियम असा की बागेतला कचरा बागेतच जिरवावयाचा.

पाला पेटवू नका

सकाळी अंगण झाडून पाल्याचा ढीग कोपऱ्यात पेटवून देण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. धुराने डास जातात, असा त्यामागे समजही असतो. डास तासाभरासाठी जातात. धुरातील सूक्ष्म कण मात्र फुप्फुसात खोलवर पोहोचतात. ओला पाला नीट जळत नाही, नुसता धुमसतो. त्यातून कार्बन मोनॉक्साईड आणि श्वासनलिकेचा दाह करणारे वायू बाहेर पडतात. दम्याचे रुग्ण, लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना याचा सर्वात अधिक त्रास होतो. पाल्याबरोबर दुधाच्या पिशव्या आणि गुटख्याच्या पुड्याही जळतात. प्लास्टिकच्या धुरात डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये असू शकतात. उघड्यावर कचरा जाळण्यास 2016 च्या घनकचरा नियमांनी मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यासाठी पाच हजार रुपयांच्या दंडाचा आदेश दिला. दंडाचे राहू द्या. शेजारच्या घरात एखादे दम्याचे मूल झोपलेले असेल, एवढे ध्यानात ठेवले तरी काडी ओढताना हात थांबेल.

खत घरीच करावे

कोल्हापूरचे प्रा. श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि पालापाचोळ्यापासून सुपीक माती कशी तयार होते हे शेतकऱ्यांना दाखवून दिले. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी आपल्या गल्लीचा कचरा आपणच वेगळा करून हाताळण्याचा पायंडा पाडला. त्यातून पुढे 1997 च्या सुमारास महापालिकेची ‘एएलएम’ ही वस्ती-व्यवस्थापनाची योजना आकाराला आली. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हे ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत देणारे संयंत्र विकसित केले. स्त्री मुक्ती संघटनेने 1998 पासून ‘परिसर विकास’ उपक्रमातून कचरा वेचणाऱ्या भगिनींना खतनिर्मिती आणि बागकामाचे शिक्षण दिले. देवनारच्या परिसरात कचरा उपसून पोट भरणाऱ्या या बायका. काचा, दाढीची पाती, इंजेक्शनच्या सुया यांनी त्यांच्या हातांना काय होते, याचा विचार आपण कचरा एकत्र फेकताना करीत नाही. गुलाबाची काटेरी छाटणी, फुटकी कुंडी, तुटलेली काच ही नेहमी जाड कागदात गुंडाळून वेगळी द्यावी.

आता खताची सोपी रीत पाहू. जुना प्लास्टिकचा ड्रम किंवा मोठी कुंडी घ्यावी. तळाला आणि बाजूंना भोके पाडावीत. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा वाळक्या काटक्या घालाव्यात, म्हणजे पाणी निचरून हवा खेळती राहते. त्यावर दोन भाग वाळका पाला आणि एक भाग ओला कचरा अशा प्रमाणात थर द्यावेत. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, निर्माल्यातील फुले, कापलेले गवत हे सर्व चालते. विरजण म्हणून जुने शेणखत किंवा थोडे आंबट ताक घालावे. आठवड्यातून एकदा काठीने खालीवर करावे. ओलावा किती असावा? मूठभर खत दाबले तर त्याचा गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. दोन ते तीन महिन्यांत पावसाच्या पहिल्या सरीसारखा मातीचा वास येऊ लागला, की खत तयार झाले.

आरोग्याच्या दृष्टीने चार पथ्ये पाळावीत. मटण-मासळीचे अवशेष आणि तेलकट अन्न त्यात घालू नये, कारण त्यामुळे उंदीर-घुशी येतात. कुत्र्या-मांजरांची विष्ठा आणि बाळाचे डायपर कधीही घालू नयेत. घरगुती ड्रममध्ये जंतू आणि जंतांची अंडी मरण्याइतकी उष्णता निर्माण होईलच असे नाही. दुर्गंधी आली तर समजावे की ओले जास्त झाले आहे आणि वाळका पाला वाढवावा. वाळलेले खत चाळताना बुरशीचे कण उडतात, म्हणून नाकातोंडावर रुमाल बांधावा. दमेकऱ्याने हे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

आणखी एक सूचना. जुन्या कचरा डेपोतील काळीभोर माती ‘फुकट खत’ म्हणून कोणी देऊ केली, तर ती घेऊ नये. निदान भाजीपाल्याला तरी मुळीच नको. त्यात काचा, सुया आणि जुन्या बॅटऱ्या, रंग यांतून उतरलेले शिसे किंवा कॅडमियम असू शकते. हे धातू कुजत नाहीत. भाजीतून आणि धुळीतून ते पोटात जातात. मातीत खेळणाऱ्या मुलांना शिशाचा धोका विशेष असतो.

हिरवळ कशी करावी

हिरवळीसाठी दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळणारी जागा हवी. आंब्याखाली किंवा इमारतीच्या सावलीत हिरवळीचा हट्ट धरू नये. तेथे नेचे किंवा कर्दळ लावावी. आपल्या हवेला सर्वात सोयीची म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो त्या दूर्वा याच. ऊन, तुडवणे आणि पाण्याची ओढ हे सर्व ती सोसते.

उन्हाळ्यात जमीन सुमारे एक फूट खोल खणून ढेकळे आठ-पंधरा दिवस तापू द्यावीत. दगड, काचा, खिळे वेचून काढावेत. लव्हाळ्याच्या गाठी शोधून काढणे हे कंटाळवाणे, पण फार महत्त्वाचे काम आहे. एक गाठ राहिली तरी पुढे वर्षभर खुरपणी मागे लागते. नंतर कुजलेले शेणखत किंवा घरचे खत मिसळून जमीन सपाट करावी आणि घराच्या विरुद्ध बाजूला किंचित उतार द्यावा. पाणी साचले तर हिरवळही सडते आणि डासही होतात. पहिला पाऊस झाल्यावर हरळीचे ठोंब चार-चार बोटांच्या अंतरावर लावावेत आणि पायाने हलके दाबावेत. दीड-दोन महिन्यांत जमीन बहुतेक झाकली जाते. पहिली कापणी गवत तीन इंच झाल्यावर करावी आणि एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक कापू नये. फार खरडून कापल्यास मुळे दुबळी होतात आणि तण माजते. कापलेले गवत खताच्या ड्रममध्ये घालावे.

हिरवळ किती मोठी करावी, हे पाण्यावरून ठरवावे. कोरड्या दिवसांत हिरवळीला आठवड्याला निदान 25 मिलिमीटर, म्हणजे एका चौरस मीटरला 25 लिटर पाणी लागते. अर्ध्या गुंठ्याच्या हिरवळीला या हिशेबाने आठवड्याला सुमारे साडेबाराशे लिटर पाणी होते. आठवड्यातून दोनदा नळ येणाऱ्या गावात हे शोभत नाही. दहा फूट लांब, दहा फूट रुंद एवढ्या तुकड्याला सव्वादोनशे ते अडीचशे लिटर पुरतात. तेव्हा बसण्यापुरती हिरवळ ठेवून बाकीच्या जागेत तगर, जास्वंद, कढीलिंब, गवती चहा, कोरफड, शेवगा अशी कमी पाण्यावर जगणारी झाडे लावावीत आणि त्यांच्या आळ्यांत वाळक्या पाल्याचे आच्छादन घालावे. भाजी धुतलेले पाणी बागेला घालण्यास हरकत नाही.

कुंडीखालची थाळी

डेंग्यू आणि चिकुनगुन्याचा प्रसार करणारा एडिस डास गटारापेक्षा घरातील स्वच्छ पाणी पसंत करतो. कुंडीखालची थाळी, मनीप्लांटची बाटली, पालथी न घातलेली बादली, जुना टायर, पक्ष्यांसाठी ठेवलेले पाण्याचे भांडे ही त्याची आवडती ठिकाणे. अंड्यापासून डास होण्यास आपल्याकडच्या हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ पाळावा. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात. तेव्हा थाळी ब्रशने घासून उन्हात वाळवावी. शक्य असेल तर थाळीत वाळू भरावी, म्हणजे पाणी उघडे राहत नाही.

हा डास प्रामुख्याने दिवसा चावतो. सकाळी आणि संध्याकाळी बागेत काम करताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब पायजमा घालावा. बागेत डास असतील आणि घरात कोणाला अचानक जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, अंगदुखी होऊ लागली, तर ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनसारख्या गोळ्या मनाने देऊ नयेत. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्यावे. पोटात जोराची दुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीची गळाठी आली, तर रुग्णालयात नेण्यास विलंब करू नये.

विषारी झाडे आणि विषारी औषधे

शोभेसाठी लावलेली काही झाडे विषारी असतात. लाल किंवा पांढरी कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, यांच्या सर्व भागांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारे विष असते. बिट्टीच्या बियांशी मुले गजगे समजून खेळतात, म्हणून हे झाड लहान मुलांच्या घरी नसलेले बरे. धोत्रा, एरंडीच्या बिया आणि गुंजा यांचेही तसेच. रुंद ठिपकेदार पानांचे डिफेनबाकिया दिवाणखान्यात ठेवतात. त्याचे पान चावल्यास जीभ आणि घसा सुजतो. गाजरगवताने कातडीला खाज आणि फोड येतात, दमाही बळावतो. ते फुलावर येण्यापूर्वी हातमोजे घालून मुळासकट उपटावे.

कीड पडली की दुकानातून शेतीचे औषध आणून फवारण्याची घाई करू नये. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेतातल्या मोकळ्या हवेत ही गत, तर खिडकीखाली फवारलेले औषध घरात येणारच. मावा किंवा पिठ्या ढेकूण असेल तर पाण्याचा जोरदार फवारा, साबणाचे सौम्य पाणी किंवा निंबोळी अर्क बहुधा पुरतो. रासायनिक औषध घ्यावेच लागले, तर ते मूळ बाटलीतच, कुलपात ठेवावे. थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवलेले औषध मुलाने पाणी समजून पिण्याचा धोका असतो. विषबाधा झाल्यास कपडे काढून अंग साबणाने धुवावे, मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये आणि औषधाची बाटली किंवा झाडाची फांदी बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

हात, पाय आणि कंबर

बागेत अनवाणी काम करू नये. उघड्या पायांतून आकडीकृमी शरीरात शिरतात आणि मग रक्तक्षय होतो. मधुमेहाच्या रुग्णाला पायाला काटा टोचलेला कळतही नाही. त्याने बंद बूट घालावेत आणि काम झाल्यावर तळवे पाहावेत. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईने या रोगाची मोठी साथ अनुभवली. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये आणि चिखलात काम केल्यावर ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसली, तर डॉक्टरांना बागकामाचे आवर्जून सांगावे.

खिळा, काटा किंवा खुरपे लागले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने भरपूर धुवावी. हळद किंवा माती भरू नये. धनुर्वाताच्या लसीची दर दहा वर्षांनी पुनर्मात्रा घ्यावी. जखम खोल आणि मळकी असेल आणि आधीच्या मात्रेला पाच वर्षे उलटली असतील, तर पुन्हा घ्यावी लागते. विटांचे ढीग, रिकाम्या कुंड्या आणि वाढलेले गवत यांत साप दडतात. अडगळ हलविताना काठीने आवाज करावा आणि हात घालण्यापूर्वी पाहावे. साप चावल्यास चिरा देणे, घट्ट आवळून बांधणे किंवा मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ दवडू नये. चावलेला भाग न हलविता, धीर देऊन, प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यावे.

कंबरदुखी असलेल्यांनी वाकून खुरपणी करण्याऐवजी पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसावे. भरलेली घमेली उचलताना गुडघ्यांत वाकावे, कमरेत नव्हे. आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम जागतिक आरोग्य संघटनेने सांगितला आहे. रोज वीस-पंचवीस मिनिटे खणणे, खुरपणे, पाणी घालणे केले, तर तो हिशेब बराचसा पुरा होतो. निवृत्त मंडळींना तर दिवसाला एक वळण लागते. झोप सुधारते आणि शेजाऱ्याशी कुंपणावरून दोन शब्द बोलणे होते.

आठवड्याचे वेळापत्रक

रविवारी सर्व थाळ्या, बाटल्या आणि पक्ष्यांची भांडी घासून वाळवावीत. बुधवारी खताचा ड्रम खालीवर करावा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा आणि हिवाळ्यात पंधरवड्याने हिरवळ कापावी. पाला रोज झाडावा, पण पेटवू नये. महिन्यातून एकदा मुलांना सोबत घेऊन बागेत फिरावे. कोणते झाड खाण्याचे, कोणते नुसते पाहण्याचे आणि कोणत्याला हातही लावावयाचा नाही, हे त्यांना दाखवून द्यावे. अवजारे वापरून झाल्यावर धुवून, पुसून उंच खुंटीला टांगावीत आणि घरात येण्यापूर्वी साबणाने हात-पाय धुवावेत.